नोत्र दामचं कलरिंग बुक: पाच वर्षांच्या लेकीसोबत वापरून बघितलं

पॅरिसला जायच्या आधी लेकीसाठी नोत्र दाम कॅथेड्रलचं कलरिंग बुक घेतलं, रोज संध्याकाळी एक पान असं करत संपवलं आणि मग प्रत्यक्ष जाऊन बघितलं, त्यामुळे आता खात्रीने सांगते, जाणार असाल तर नक्की घ्या.

सगळ्यात भारी पान दर्शनी भागाचं. तीन दरवाजे, त्यांच्यावर ओळीने २८ राजे. लेकीने राजांना लाल-हिरवे झगे घातले आणि मग फोटो बघून म्हणाली, "आई, खरे राजे असे दगडाच्याच रंगाचे का गं?" पण चूक तिची नव्हतीच, मध्ययुगात हे पुतळे रंगवलेलेच होते! फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, हे फ्रान्सचे राजे आहेत असं समजून त्यांची मुंडकी उडवली, खरं तर ते बायबलमधले. आत्ता वर उभे आहेत ते १९व्या शतकात नव्याने घडवलेले. जुनी २१ मुंडकी १९७७ ला सापडली, ती पॅरिसमधल्याच क्लूनी म्युझियममध्ये आहेत, काहींवर रंगाच्या खुणा अजून दिसतात. आम्ही मुद्दाम गेलो, लेक एकेका चेहऱ्यापुढे थांबून रंग शोधत होती, मला तर भरूनच आलं.

भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या दगडी कमानींचं पानही मस्त. छताचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं, कमानी ते पेलतात, म्हणून भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात. हे आम्ही एकमेकींच्या तळव्यांना तळवे लावून, रेटून बघितलं, लगेच कळलं तिला.

आता तक्रारी. कागद पातळ आहे, स्केचपेन मागच्या पानावर उमटतं, तेव्हा रंगीत पेन्सिलीच द्या. गोल खिडकीतल्या काचा इतक्या बारीक काढल्यात की पाच वर्षांच्या हाताला जमत नाहीत, शेवटी अर्ध्या मीच रंगवल्या. आणि शिंगवाल्या राक्षसाला गार्गॉयल म्हटलंय ते चूक आहे, गार्गॉयल म्हणजे तोंडातून पावसाचं पाणी लांब फेकणारी पन्हाळी, हा राक्षस १९व्या शतकात नुसता शोभेसाठी बसवलेला. २०१९ च्या आगीचं आणि नव्याने उभारलेल्या शिखराचं एकही पान नाही, ते हवं होतं.

एक सांगते, खिडकीचं पान सोबत न्या. उत्तरेकडच्या गोल खिडकीत बरीचशी काच अजून १३व्या शतकातली आहे, निळी-जांभळी. लेकीने तिथेच बसून आपल्या केशरी काचांवर निळी पेन्सिल फिरवली.