अफर्म, आयरिस आणि आपली एफएसीपी : नागपूरच्या केंद्रात वापरून पाहिल्यावर

विशेष शिक्षकांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटात थोड्या थोड्या दिवसांनी तेच प्रश्न येतात. ते अमेरिकेचे अफर्म, आयरिससारखे फ्री ऑनलाइन कोर्स करू का? उपयोग होतो का? सर्टिफिकेट चालतं का? प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते : चालत नाही. ते का, हे खाली येईलच.

मी बौद्धिक अक्षमता या शाखेतून डी.एड. केलेली विशेष शिक्षिका. मानेवाड्याकडच्या एका छोट्या अर्ली इंटरव्हेन्शन केंद्रात, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहानग्यांना लवकर मदत देणाऱ्या केंद्रात काम करते, शून्य ते सहा वयोगटातली मुलं. काही दिवस केंद्रात, काही दिवस हुडकेश्वर, दिघोरीच्या बाजूला गृहभेटी. दिवाळीनंतर आमच्याकडे दोन नव्या मुली लागल्या, त्यांना तयार करायचं होतं आणि प्रशिक्षणासाठी बजेट म्हणाल तर शून्य. मग फुकट मिळेल ते सगळं गोळा केलं आणि आता उन्हाळा सरत आला तरी ते वापरतोच आहोत. माझी फूटपट्टी एकच : हे शिकून मी ज्या घरी जाते, त्या घरच्या आईला त्या आठवड्यात काही वेगळं करता आलं का? मूल माझ्यासमोर आठवड्यातून जेमतेम दीड तास असतं. उरलेला सगळा वेळ ते घरी आहे.

सुरुवात अफर्मपासून. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या फ्रँक पोर्टर ग्रॅहम संस्थेचं हे काम. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ज्या पद्धतींना संशोधनाचा भक्कम आधार आहे, त्यांची एक यादी तिथल्या अभ्यासकांनी केली. २०२० च्या अहवालात अशा २८ पद्धती आहेत. त्यातल्या पद्धतींवर वेगवेगळी ऑनलाइन मॉड्यूलं, म्हणजे धडे. खातं उघडायचं, पैसे लागत नाहीत. आधी नियोजन, मग प्रत्यक्ष वापर, मग नोंदी, अशी प्रत्येक मॉड्यूलची चाल ठरलेली. भाषा इंग्रजी, पण डी.एड. झालेल्या मुलीला झेपेल अशी. आमच्या मुली दोघी मिळून वाचतात. एकीला अडलं की दुसरी सांगते, दोघींना अडलं की मला हाक.

व्हिडिओ मला फारसे कामाचे वाटले नाहीत. खरा माल आहे तो खालच्या पीडीएफमध्ये : पायऱ्यांची तपासणी यादी आणि नोंदीचे तक्ते. एक जण मुलासोबत बसते, दुसरी कोपऱ्यात यादी घेऊन खुणा करते. सूचना एकदाच दिली का? मुलाचं लक्ष होतं का? बरोबर केल्याबरोबर शाबासकी दिली की मधेच फोन वाजला? सत्र संपल्यावर "छान झालं हं" यापेक्षा ठोस काहीतरी बोलायला मिळतं. डी.एड.च्या पाठ निरीक्षणात आम्हाला "आवाज स्पष्ट, साहित्य आकर्षक" असे शेरे मिळायचे. त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सगळ्यात जास्त वसूल झालेलं मॉड्यूल म्हणजे टाइम डिले. कल्पना साधी आहे. सुरुवातीला मदत लगेच द्यायची, काहीही न थांबता. मूल रुळलं की सूचना आणि मदत यांच्यात ठरलेला वेळ, समजा चार-पाच सेकंद, गप्प थांबायचं. एका घरी साडेतीन वर्षांचा मुलगा पाणी मागत नाही, म्हणून आई काळजीत. जाऊन पाहिलं तर त्याची नजर माठाकडे वळायच्या आतच आजीचा गडवा (तांब्या) त्याच्या तोंडाशी! तो मागेल कशाला? आईला सांगितलं, गडवा हातात घ्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला धरा, आणि मनात पाच अंक मोजा. पाच सेकंद म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. तहानलेल्या लेकरासमोर गडवा धरून गप्प राहून दाखवा मग. आजी तिसऱ्याच अंकाला कळवळली, "द्या नं बाई त्याले, कायले तरसवता!" तेव्हा आजींनाच मोजायचं काम दिलं. मोठ्याने नाही, बोटांवर. पुढच्या काही भेटींत मुलगा गडव्याला हात लावून "पा" म्हणायला लागला. याचं सगळं श्रेय मॉड्यूलचं असं म्हणणार नाही, पण "थोडं थांबा" हा सल्ला मी वर्षानुवर्षं देत होते आणि किती थांबायचं, थांबून मग काय करायचं, हे कागदावर इतकं नेमकं माझ्याकडे नव्हतं.

टास्क ॲनालिसिसचं, म्हणजे एखादं काम छोट्या पायऱ्यांत मोडण्याचं मॉड्यूलही चांगलंच, पण ते जसंच्या तसं उचलू नका. हात धुण्याचा पाश्चात्त्य तक्ता बघा : नळ सोडा, हात ओले करा, साबण दाबा, दोन्ही हात चोळा, नळाखाली धरा, कागदाने पुसा. आमच्या निम्म्या घरांत न्हाणीत बादली आणि पाण्याचा मग. हा मग एका हातात असतो, म्हणजे एका वेळी एकच हात धुतला जातो. तो डाव्या हातातून उजव्या हातात घेणं ही एक वेगळी पायरी झाली. साबणाची वडी ओल्या हातातून निसटते, ती उचलणं ही आणखी एक. मगात पाणी किती भरायचं, ही तिसरी. पूर्ण भरला तर तीन वर्षांच्या मुलाला उचलत नाही. ज्याच्या एका हातात ताठरपणा आहे अशा मुलासाठी तर हा सगळा क्रमच बदलतो. शेवटी आम्ही एका आईला तिच्याच न्हाणीत हात धुवायला लावले आणि ती काय काय करते ते मुलींनी लिहून काढलं. त्यातून निघालेला तक्ता आजही चालू आहे. मॉड्यूल पद्धत देतं, पायऱ्या आपल्या न्हाणीतूनच आणाव्या लागतात.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा : अफर्म ऑटिझमसाठी आहे. प्रॉम्प्टिंग (मदतीचा इशारा देणं), शाबासकी, चित्रांचा आधार या पद्धती डाऊन सिंड्रोम किंवा बौद्धिक अक्षमतेतही आपण वापरतोच, पण सेरेब्रल पाल्सीच्या बाळाला कसं धरायचं, कसं बसवायचं, कसं भरवायचं याचं उत्तर तिथे शोधू नका. त्यासाठी फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच हवेत. ऑनलाइन बघून तान्ह्या बाळाला भरवण्याचे प्रयोग तर कृपा करून करू नका, ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं.

आयरिसबद्दल थोडक्यात. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं, अमेरिकी शिक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलेलं. मॉड्यूलं वाचायला फुकट. आधी एक अडचणीचा प्रसंग, मग "तुम्हाला काय वाटतं", मग माहिती, शेवटी स्वतःची परीक्षा, अशी मांडणी. वाचायला रंजक आहे. पण बराचसा भर शाळेवर आणि तिथल्या कायद्यावर. वर्तन समस्यांवरची मॉड्यूलं घ्या, बाकी शाळेत समावेशित शिक्षणाचं काम करणाऱ्यांना सांगा. आमच्या वयोगटासाठी मी ते आता उघडत नाही.

आता घरचं. परदेशी साहित्य हातात आलं की आपल्याकडचं जुनाट वाटायला लागतं, हा आजार आमच्या नव्या मुलींनाही झाला होता. सिकंदराबादच्या एनआयईपीआयडीची, म्हणजे बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही मूल्यांकनाची यादी घ्या. तीनच्या पुढच्या मुलांसाठी पूर्व-प्राथमिकपासून व्यवसायपूर्व पातळीपर्यंतच्या याद्या. एका पातळीवर ८० टक्के जमलं की मूल पुढच्या पातळीवर. दिसायला रुक्ष, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. पण तिच्या नोंदीत एक खूण आहे : एनई, म्हणजे मुलाला ती संधीच कधी मिळालेली नाही. ही खूण मला परदेशी तक्त्यांपेक्षा मोलाची वाटते. पाच वर्षांची मुलगी हाताने जेवत नाही. "येत नाही" लिहायचं की "दिलंच नाही"? आईला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिले देल्लंच नाही मी कधी. सांडवते ना!" मग त्या ओळीसमोर एनई. तिथे कौशल्य शिकवण्याआधी खाली जुनं वर्तमानपत्र अंथरून आईची सांडण्याची भीती घालवायची असते. कार्यक्रम तिथूनच सुरू होतो.

दोन वर्षांखालच्या बाळांसाठी चेन्नईच्या मधुरम नारायणन केंद्राचा 'उपनयन' नावाचा कार्यक्रम. शारीरिक हालचाल, स्वावलंबन, भाषा, आकलन आणि सामाजिक विकास, प्रत्येकी ५० अशी एकूण २५० कौशल्यं. पोर्टेजही आमच्या कपाटात आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावात सुरू झालेली, शिक्षिकेने दर आठवड्याला घरी जाऊन आईला शिकवायची पद्धत. म्हणजे आज "घरच्या दिनक्रमातून हस्तक्षेप" म्हणून जे नवं सांगितलं जातं, त्याची मुळं बरीच जुनी आहेत. पोर्टेजच्या ५८० कृतींतल्या सगळ्या आपल्या घरात बसत नाहीत, पण आठवड्याला एक-दोनच कृती देऊन तक्ता घरी ठेवून यायचा, हा नियम आम्ही अजून मोडलेला नाही. आईला आठ कृती दिल्या तर आठही होत नाहीत, हे कुठल्याही गृहभेटवालीला विचारा.

स्क्रीनिंगबाबत एक सावधगिरी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे बाळाच्या विकासाचे टप्पे व्हॉट्सॲपवर फिरतात. २०२२ मध्ये त्यांनी ते बदलले. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना त्या वयात जमतं असेच टप्पे ठेवले आणि रांगणं यादीतून काढलं. लगेच दोन पालकांचे मेसेज : "मॅडम, रांगणं आता गरजेचं नाही ना?" अहो, यादीतून गेलं म्हणून बाळाने ते करायचं नाही असं नव्हे! अंगणवाडीताईंसोबत बसले की मी केरळची त्रिवेंद्रम चार्ट काढते. १७ बाबी, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलच्या डावीकडे जिची पट्टी पूर्ण संपली अशी एखादी बाब बाळाला येत नसेल तर पुढे तपासणीला पाठवायचं. ताईंना दहा मिनिटांत समजते, आणि आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. पथक पाठवेल तिथे, म्हणजे डीईआयसीत (जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात), आपणही चिठ्ठी देऊन पाठवू शकतो. फक्त एवढं पालकांना समजावा की चार्ट म्हणजे निदान नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेचं पालक-प्रशिक्षण हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. दोन ते नऊ वर्षांच्या, विकासात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी. मूळ आराखडा नऊ गट बैठका आणि तीन गृहभेटींचा. त्याची ऑनलाइन आवृत्तीही फुकट आहे. आम्ही अधिकृत प्रशिक्षक नाही, त्यामुळे तो कार्यक्रम "चालवतो" असं म्हणता येणार नाही, पण त्यातली क्रमवारी शनिवारच्या पालक बैठकीत वापरतो : आधी मुलासोबत खेळात सामील होणं, मग दिनक्रम, मग संवाद, त्रासदायक वर्तन त्यानंतर, आणि पालकाने स्वतःला सांभाळणं हाही एक विषय. त्या शेवटच्या विषयाच्या दिवशी बैठक दीड तास लांबली. मॉड्यूलमधला एकही मुद्दा काढावा लागला नाही. एका आईने फक्त विचारलं, "तुमच्या घरचे लग्नाला याले नेऊ देतात का?" आणि मग सगळ्या बोलत्या झाल्या.

साहित्याच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा कुठल्याही मॉड्यूलने धरलेला नाही. चित्रकार्डांना लावलेल्या चिकटपट्टीच्या वेल्क्रोचा गोंद मे महिन्यात पाघळतो, आणि कूलरसमोरच्या भिंतीवर लावलेला तक्ता दमट होऊन वाकडा होतो. बाजारातून शिवायची वेल्क्रो आणा, जाड कापडाच्या पट्टीवर मशीन मारून घ्या. कार्डांसाठी इंटरनेटवरची गोरी मुलं नकोत, त्याच घरातल्या ताटलीचा, चपलेचा, न्हाणीचा फोटो काढा. आमच्या भागात घरात हिंदी, बाहेर मराठी असं बऱ्याच ठिकाणी आहे. कार्डावर आई जे बोलते तेच लिहायचं.

आता सर्टिफिकेट. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीसाठी, म्हणजे आपल्या सीआरआर (नोंदणी) नंबरच्या नूतनीकरणासाठी, परिषदेने मान्य केलेल्या सीआरई, म्हणजे नोकरीत असताना करायच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचेच गुण धरतात. अफर्मची पीडीएफ फाईलला लावा, पण गुण मिळणार नाहीत. सीआरईचा माझा अनुभव संमिश्र आहे. एका ठिकाणी तीन दिवस नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या, जेवण मात्र उत्तम. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी खरोखरीचं मूल समोर घेऊन मूल्यांकन करून दाखवलं. ते अजून आठवतं. त्यामुळे पत्रक हातात आलं की मी विषय बघते, आणि प्रात्यक्षिक आहे का ते फोन करून विचारते.

आणि या सगळ्यात जे कुठेच नाही ते : आपल्याकडच्या शिक्षिकेला शिकवण्यापलीकडे काय काय करावं लागतं. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलाला कायद्याने कुटुंबाचा सेवा आराखडा मिळतो आणि सगळं जुळवून आणणारा एक समन्वयक. इथे ते पद म्हणजे मीच. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा फॉर्म, दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्याचा एक लाखाचा फायदा कोणाला, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) कुठल्या दिवशी जायचं, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर काय अडतं. गृहभेटीचा अर्धा वेळ यात जातो आणि यासाठी मराठीत एक नीट प्रशिक्षण-पुस्तिका असावी, असं मला कुठल्याही परदेशी मॉड्यूलपेक्षा जास्त वाटतं.

नवीन लागलेल्यांनी सुरुवात टाइम डिलेपासून करावी, मग टास्क ॲनालिसिस, मग चित्रांचा आधार. लॅपटॉप नसला तरी फोनवर चालतं, तक्ते मात्र छापून घ्या. आम्ही आमचे तक्ते सध्या मराठीत करतोय. हात धुणं झालं, चड्डी वर ओढणं झालं, गडव्याने पाणी पिणं झालं. पोळीचा घास तोडणं अडलंय, कारण एका हाताने पोळी दाबून दुसऱ्याने तोडायची की एकाच हाताने, यावर केंद्रात येणाऱ्या दोन आज्यांचं एकमत होत नाहीये.