डेल्टा एमएस३००: खान्देशात ५ एचपीच्या मोटरला ड्राइव्ह लावायचा तर

डाळ मिलचा एलिव्हेटर, जिनिंगचा फीडर, चटई कारखान्यातला वाइंडर, मिरचीचा कन्व्हेयर. यातल्या कुठल्याही ५ एचपी मोटरचा वेग कमी-जास्त करायचा असेल तर डेल्टा कंपनीचा एमएस३०० हा ड्राइव्ह, म्हणजे मोटरला जाणारे हर्ट्झ आणि व्होल्ट बदलून तिचा वेग बदलणारी पेटी, पैसे वसूल करून देतो. विहिरीवरच्या पंपाला लावायचा असेल तर मात्र आधी पुढचं वाचा, मग दुकानात जा. इथे बोलणं आहे ते तीन फेजच्या ४ किलोवॅट मॉडेलबद्दल. त्याचा कोड व्हीएफडी९ए०एमएस४३ असा सुरू होतो. ९ए० म्हणजे ९ अँपिअर, शेवटच्या ४३ मधला ४ म्हणजे ४६० व्होल्टचा वर्ग आणि ३ म्हणजे तीन फेज. ३८० ते ४८० व्होल्टवर चालतो, म्हणजे आपला ४१५ त्यात बसतो.

काम कसं करतो ते थोडक्यात, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. चार पोलची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झला १५०० च्या थोडी खाली फिरते, पाटीवर १४४० च्या आसपास लिहिलेलं असतं. वेग उतरवायचा तर हर्ट्झ उतरवायचे, पण व्होल्टही त्याच प्रमाणात उतरवायला लागतात, नाहीतर मोटरचं लोखंड सॅच्युरेट होतं आणि मोटर नुसताच करंट खाते. ४१५ भागिले ५०, हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट, २५ हर्ट्झला साधारण २०७. ड्राइव्ह आधी आलेल्या एसीची डीसी करतो, ती ५६० ते ५८५ व्होल्टच्या घरात असते. मग सहा आयजीबीटी (झपाट्याने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) ती डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतात. प्रत्येक पल्सची उंची पूर्णच असते, बदलते ती फक्त रुंदी. मोटरच्या वाइंडिंगमुळे करंट गुळगुळीत होतो आणि मोटरला २०७ व्होल्ट मिळाल्यासारखं वाटतं. वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर मात्र प्रत्येक वेळी पूर्ण ५६० चा दणका बसतो. ड्राइव्ह लावल्यावर निघणाऱ्या निम्म्या कटकटी या एका गोष्टीतून निघतात.

निवड करताना एचपी बघू नका, पाटीवरचे अँपिअर बघा. चांगल्या ५ एचपी मोटरला ४१५ व्होल्टवर साडेसात अँपिअरच्या आसपास लागतात, त्यामुळे ९ अँपिअरचा ड्राइव्ह पुरतो. जुनी, दोन-तीनदा रिवाइंड झालेली मोटर याहून जास्त खाते, तिच्यासाठी पुढचं १३ अँपिअरचं मॉडेल घ्यावं. एकाच ड्राइव्हला दोन रेटिंग असतात. हेवी ड्यूटीत ९ अँपिअर, पण एका मिनिटासाठी दीडपट ओव्हरलोड सोसतो. नॉर्मल ड्यूटीत १०.५, पण ओव्हरलोड फक्त १२० टक्के. एलिव्हेटर दाण्यांनी भरलेला असताना लाइट गेली आणि तसाच भरलेला परत सुरू करायचा असेल तर ड्राइव्हच्या सेटिंग क्रमांक ००-१६ मध्ये १ भरून हेवी ड्यूटीच ठेवा. ब्लोअरला नॉर्मल चालते.

वायरिंगचं बघा. मेन सप्लाय आर, एस, टी ला; मोटर यू, व्ही, डब्ल्यू ला. उलट जोडलं की आयजीबीटी पहिल्याच क्षणी जातात, आणि वॉरंटीत कुणी घेत नाही. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर पूर्ण काढून टाकायचा. मोटरच्या डब्यात सहा टोकं असतात, त्यांना पट्ट्या टाकून कायमची डेल्टा करायची आणि तीनच वायर ड्राइव्हपर्यंत आणायच्या. पाटीवर ४१५ व्होल्टपुढे स्टार लिहिलं असेल तर अर्थातच स्टार. मोटरच्या बाजूला पॉवर फॅक्टरचा कंडेन्सर राहिला असेल तर तोही काढा. पल्स थेट कंडेन्सरवर गेल्या की ड्राइव्ह चालू करताक्षणी ओव्हरकरंटवर जातो. मोटर आणि ड्राइव्हच्या मध्ये कॉन्टॅक्टर टाकून चालू लोडवर तोडजोड करायची नाही. एस१, एस२ या टर्मिनलवर कंपनीतून आलेली पट्टी असते, ती सेफ्टी स्टॉपसाठी आहे. वायरमन ती 'फालतू' म्हणून काढतात आणि मग ड्राइव्ह चालतच नाही.

बाहेरून वेग बदलायला ५ किलोओहमचा पॉट (घुंडीने फिरवायचा रेझिस्टर) घ्या: एक टोक +१० व्होल्टच्या टर्मिनलला, दुसरं एसीएमला, मधलं एव्हीआयला. ही वायर शील्डवाली असावी आणि मोटरच्या केबलपासून वेगळी न्यावी. एकाच पाइपातून नेली तर वेग आपोआप दोन-तीन हर्ट्झ वर-खाली डोलतो, आणि लोक ड्राइव्हला शिव्या देत बसतात.

सेटिंग भरायला पंधरा मिनिटं पुरतात. सगळ्यात आधी ००-०२ मध्ये ९ भरून रीसेट करा. ९ म्हणजे ५० हर्ट्झचा आधार, १० म्हणजे ६०. सेकंडहँड ड्राइव्ह घेतला असेल तर हे चुकवूच नका. मग ०१-०० आणि ०१-०१ मध्ये ५०, ०१-०२ मध्ये ४१५, ०५-०१ मध्ये पाटीवरचे अँपिअर. वेग वाढायचा वेळ ०१-१२ आणि उतरायचा ०१-१३. एलिव्हेटरला १० ते १५ सेकंद, मोठ्या ब्लोअरला ३० च्या पुढे. बाहेरच्या पॉटवरून वेग घ्यायचा तर ००-२० मध्ये २, बाहेरच्या स्विचवरून चालू-बंद करायचं तर ००-२१ मध्ये १. ०५-०१ न भरता मोटर चालवली तर ड्राइव्हचं ओव्हरलोड संरक्षण चुकीच्या आकड्यावर बसतं आणि मोटर तापली तरी ट्रिप वेळेवर येईल याचा भरवसा नाही. हमखास राहून जाणारी जागा हीच.

आता कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयजीबीटी सेकंदाला किती वेळा तोड-जोड करतात तो आकडा, ००-१७. या ड्राइव्हला २ ते १५ किलोहर्ट्झ इतकी मुभा आहे. २ वर ठेवलं की मोटर कानात किरकिरते, ८-१० वर नेलं की आवाज जवळजवळ जातो. म्हणून बसवणारा मालकाला खूश करायला वर नेऊन ठेवतो. पण प्रत्येक तोड-जोडीला आयजीबीटीमध्ये थोडी उष्णता होते. तोड-जोड दुप्पट केली की तेवढी उष्णता दुप्पट. शिवाय कॅरिअर वाढला की कंपनीच ड्राइव्हचा परवानगीचा करंट कमी करते. पुण्याच्या एसी पॅनेल रूममध्ये ते खपून जातं. इथे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेलच्या आत त्याहून दहा अंश जास्त असतात. हा ड्राइव्ह ५० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतो, त्यापुढे कमी करून चालवावा लागतो. गिरणीत आधीच एवढा खडखडाट असतो की मोटरची किरकिर कुणाला ऐकू येणार? ४ किलोहर्ट्झ ठेवा आणि विसरा.

उष्णतेचा हिशोब पॅनेल बनवणाऱ्यासमोर मांडा. ड्राइव्ह पूर्ण लोडवर ढोबळ ३ टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे शंभर-सव्वाशे वॅटचा बल्ब बंद पेटीत सतत पेटलेला. त्याला खालून हवा आत आणि वरून बाहेर, असा पंखा आणि जाळीचा फिल्टर हवाच. ड्राइव्ह उभाच बसवायचा, वर-खाली किमान दहा सेंटिमीटर मोकळं. तीन-चार ड्राइव्ह एकमेकांना चिकटवून बसवता येतात अशी जाहिरात आहे आणि ती खोटी नाही, पण तसं बसवलं की तापमानाची मर्यादा खाली येते. आपल्याकडे बोटभर तरी जागा सोडा.

दुसरा शत्रू धूळ. या मॉडेलच्या कार्डवर कोटिंग येतं, ही त्याची जमेची बाजू. पण पेटी आयपी२० आहे, म्हणजे धुळीपासून संरक्षण शून्य. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हीटसिंकच्या फटीत नमद्यासारखे बसतात आणि हवा पूर्ण अडते. डाळ मिलमध्ये चुनी-भुशीची पूड. नंदुरबारच्या मिरचीच्या कारखान्यात लाल पूड तेलकट असते, ती फुंकून जात नाही, ब्रशने खरवडावी लागते. फिल्टर आठवड्याला झाडा आणि हंगामाच्या आधी ड्राइव्ह उघडून हीटसिंक साफ करा. पॉवर बंद केल्यावर १० मिनिटं थांबा आणि चार्जचा दिवा विझल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका. आत साडेपाचशे व्होल्ट डीसी साठलेली असते. वरचा पंखा सहज काढता येतो, ही डिझाइनमधली खरी चांगली गोष्ट. ओएच१ हा ड्राइव्ह तापल्याचा फॉल्ट दुपारी दोन ते चारमध्येच येत असेल तर ड्राइव्ह बदलू नका, पंखा आणि फिल्टर बघा.

बाकीचे फॉल्ट. ओसीए म्हणजे वेग वाढताना ओव्हरकरंट: आधी ०१-१२ वाढवा, मग यंत्र हाताने फिरतंय का बघा. टॉर्क वाढवायला ०७-२६ चढवायचा मोह आवरा. जास्त झालं की कमी वेगावर मोटर नुसती तापते. ओव्हीडी म्हणजे वेग उतरताना डीसी चढली. जड पंख्याला जोरात थांबवलं की मोटर जनरेटर होते आणि वीज परत ड्राइव्हमध्ये ढकलते. ८२० व्होल्टला ड्राइव्ह हात वर करतो. उपाय दोन: उतरायचा वेळ वाढवा, नाहीतर बी१-बी२ ला ब्रेक रेझिस्टर लावा. रेझिस्टरला वीज सोडणारा स्विच, म्हणजे चॉपर, आतच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. जीएफएफ म्हणजे मोटर किंवा केबल अर्थ झाली. मेगर (इन्सुलेशन तपासायचा जास्त व्होल्टचा मीटर) मारताना मात्र तिन्ही वायर ड्राइव्हवरून सोडवून मगच मारा, नाहीतर मोटर तपासता तपासता ड्राइव्ह जायचा.

आउटपुटचे व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजून 'तिन्ही फेजला वेगवेगळे येतात' अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. साधा मीटर पल्सवर गोंधळतो. क्लॅम्पने तिन्ही फेजचे करंट बघा, तेही ट्रू आरएमएस क्लॅम्पने. करंट सारखे असतील तर सगळं ठीक आहे.

आता पंप. इथे 'ड्राइव्ह लावा, बिल निम्मं करा' असं विकणाऱ्यांपासून सावध. ब्लोअरला ते जवळपास खरं आहे: वेग ८० टक्के केला की पॉवर वेगाच्या घनाने उतरते, ०.८ चा घन ०.५१. कन्व्हेयरला हा नियम लागू नाही. तिथे टॉर्क तेवढाच राहतो, वेग ८० टक्के तर पॉवरही ८० टक्के. आणि विहिरीला तर भलताच हिशोब. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने उतरतो, ४० हर्ट्झला ६४ टक्के. रावेर-यावलकडे पाणी खोल गेलंय. जिथे पंपाचा जवळजवळ सगळा दाब पाणी नुसतं वर आणण्यात खर्च होतो तिथे ४० हर्ट्झला मोटर फिरेल, वीज खाईल आणि पाइपात पाणी मध्येच लटकेल. केळीच्या ठिबकला वरच्या हौदातून दाब सारखा ठेवायचा असेल तर ड्राइव्ह शोभतो. खोल विहिरीत नाही.

शिवाय केबलचा प्रश्न. पॅनेल काठावर आणि मोटर साठ-सत्तर मीटर खाली असली की प्रत्येक पल्स मोटरवर आपटून परततो आणि टोकाला व्होल्टेज डीसीच्या दुप्पट, म्हणजे हजार-अकराशेपर्यंत चढतं. गावात साध्या तारेने रिवाइंड केलेली मोटर हे फार दिवस सोसत नाही. पहिल्या काही वेढ्यांतच शॉर्ट होते. पन्नास मीटरपुढे ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये आउटपुट चोक (पल्सचा दणका मवाळ करणारी कॉइल) लावा आणि रिवाइंडिंगवाल्याला ड्राइव्हसाठीची जाड इनॅमलची तार आणि फेजच्या मध्ये इन्सुलेशन पेपर मागा. शेतात लाइनला दोनच फेज असताना कंडेन्सरवर मोटर ओढायची सवय असेल तर तेही विसरा, ड्राइव्ह ओआरपी (एक फेज गेल्याचा फॉल्ट) देऊन थांबतो. व्होल्टेज ३२३ च्या खाली गेलं तर ड्राइव्ह नीट चालेल असं कंपनीही म्हणत नाही. संध्याकाळी लाइन ३०० वर येणाऱ्या फीडरवर या ड्राइव्हचा भरवसा धरू नका.

उणिवा सांगायच्या तर, डीसी चोक आत नाही, वेगळा जोडावा लागतो. एका शेडमध्ये चार-पाच ड्राइव्ह एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील तर तो घ्याच. पुढच्या पॅनेलवरची वेगाची घुंडी छोटी आहे आणि जाता-येता हात लागून फिरते. कीपॅड निघतो, तो केबलने पॅनेलच्या दारावर आणणं बरं. कमी वेगाचं म्हणाल तर २० हर्ट्झखाली सतत चालवायचं असल्यास मोटरला वेगळा पंखा बसवा, कारण शाफ्टवरचा पंखाही तेवढाच मंदावतो. हा दोष ड्राइव्हचा नाही, पण मोटर जळाली की शिव्या यालाच पडतात.

ऑर्डर देताना पूर्ण कोड सांगा. एएनएसएए म्हणजे बिनफिल्टरचा, एएफएसएए म्हणजे ईएमसी फिल्टर (ड्राइव्हची विद्युत गडबड लाइनवर जाऊ न देणारा) आत असलेला. फिल्टरवाल्याचा लीकेज करंट, म्हणजे अर्थिंगमध्ये झिरपणारा करंट, जास्त असतो, पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (लीकेजवर पडणारा ब्रेकर) असेल तर तो उगाच पडत राहील. साध्या गिरणीला बिनफिल्टरचाच पुरतो.