लिव्हिंग्स्टोनियाचं स्टोन हाउस आणि चर्च: दोन रात्री राहून आल्यावर

मलावीच्या उत्तर भागात जाणार असाल तर लिव्हिंग्स्टोनियासाठी दोन रात्री ठेवा. एका रात्रीत भागत नाही, कारण पहिला दिवस वर पोचण्यातच जातो.

गाव मलावी सरोवराच्या काठावर, पण काठापासून जवळजवळ 900 मीटर उंच. खाली चितिंबा, वर खोंडोवेचं पठार, आणि मध्ये गोरोडेचा कच्चा रस्ता. वीस वळणं, एकापेक्षा एक आवळ. गाडी ठरवताना ‘थेट दारापर्यंत’ असं मी दोनदा विचारून घेतलं होतं. तरी ड्रायव्हरने चितिंब्यालाच बॅग उतरवून ठेवली, म्हणाला आमच्या गाड्या या रस्त्याला घालायला परवानगी नाही. पैसे पूर्ण घेतलेले. शेवटी मटोला मिळाला, म्हणजे माल आणि माणसं एकत्र नेणारा पिकअप, आणि मक्याच्या पोत्यांवर बसून वर गेलो. तुम्ही ही गोष्ट आधीच लेखी घ्या, किंवा रुम्फीच्या बाजूने या. तो रस्ता लांबचा, पण चढ सौम्य.

स्टोन हाउस हे इथलं स्कॉटिश मिशन चालवणारे डॉ. रॉबर्ट लॉज यांचं घर, 1903 सालचं. आज त्यातच राहायच्या खोल्या आहेत आणि त्यातच संग्रहालय. जाड दगडी भिंती, समोर व्हरांडा, आणि व्हरांड्यात खुर्ची टाकली की खाली अख्खं सरोवर. हवा स्वच्छ असली तर पलीकडच्या टांझानियातली डोंगररांग दिसते. मी जूनमध्ये होतो. रात्री चांगलीच थंडी, स्वेटर हवाच. जेवायला न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), घेवडा आणि पालेभाजी. साधं, गरम, पोटभर. वाढणाऱ्या बाईंना ‘येवो’ म्हटलं, तुंबुका भाषेत आभार, तर त्यांनी आणखी एक गोळा वाढला.

पण मला लिहायचंय ते घरासमोरच्या हिरवळीबद्दल. तिथे पांढऱ्या दगडांनी मोठ्या अक्षरांत ‘इफेसियन्स 2 व्ही 14’ असं मांडलेलं आहे. पहिल्या संध्याकाळी मी ते ओलांडून गेलो, वाटलं एखादं सुवचन असेल. दुसऱ्या दिवशी गाइडने गोष्ट सांगितली आणि मी परत जाऊन त्या दगडांपाशी उभा राहिलो. मार्च 1959 मध्ये इंग्रज सरकारने न्यासालँडमध्ये (मलावीचं तेव्हाचं नाव) आणीबाणी पुकारली, स्वातंत्र्य मागणाऱ्या पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. त्यात पुढे मलावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले हेस्टिंग्ज बांदाही होते, ज्यांचं पहिलं शिक्षण याच मिशनच्या शाळेत झालेलं. वरून विमान आलं आणि चिठ्ठी टाकली: गोऱ्या मिशनऱ्यांना सुरक्षित बाहेर काढायचं का? उत्तर जमिनीवर मांडलं गेलं, विमानातून वाचता येईल एवढं. इफिसकरांच्या पत्रातलं ते वचन: दोघांना एक केलं, मधली आडभिंत पाडली. आम्ही इथेच राहतो, एवढंच त्यातून सांगायचं होतं. अक्षरं अजून जपलेली आहेत. एक दगड माझ्या पावलाएवढा, वरचा पांढरा रंग कडेला पोपडून खालचा तांबूस दिसत होता.

संग्रहालय लहान आहे, दोन तास भरपूर. भूल देण्याचं जुनं यंत्र, मॅजिक लँटर्नच्या (पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या जुन्या दिव्याच्या) काचा, ग्रामोफोन, लॉज स्कॉटलंडमधल्या चर्चच्या महासभेचे मॉडरेटर (अध्यक्ष) झाले तेव्हाचा झगा. भिंतींवर जुने कृष्णधवल फोटो शेकड्यांनी. फोटो घाईने पाहू नका. खाली नावं असतील तिथे नावं वाचा.

इतिहास थोडक्यात असा. 1873 मध्ये आफ्रिकाभर फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, पुढच्या वर्षी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये त्याच्या स्मरणार्थ सरोवराकाठी मिशन काढायचं ठरलं. 1875 च्या ऑक्टोबरात ‘इलाला’ ही छोटी आगबोट सरोवरात उतरली. शिरे नदीच्या धबधब्यांपाशी ती सुटी करून सुमारे 800 हमालांनी डोक्याखांद्यावर नेली होती, आणि वर पोचल्यावर एक स्क्रूही कमी भरला नाही. लॉज तेव्हा 24 वर्षांचे. आधी दक्षिणेला केप मॅकलियर इथे बस्तान. तिथे मलेरियाने माणसं दगावली. 1881 मध्ये बांदावे, आणि 1894 मध्ये हे उंचावरचं पठार, जिथे हवा बरी. लॉज 1927 पर्यंत राहिले. बावन्न वर्षं!

लॉज मोठेच होते. पण गाइडला मुद्दाम विल्यम कोयींबद्दल विचारा. दक्षिण आफ्रिकेतल्या लव्हडेलहून 1876 मध्ये चार आफ्रिकी तरुण या कामाला आले, कोयी त्यांतले. इथल्या न्गोनी लोकांची भाषा कोयींच्या भाषेच्या जवळची, म्हणून न्गोनींपर्यंत पोचले ते कोयी. 1886 मध्ये तिथेच वारले. केप मॅकलियरच्या साडेपाच वर्षांत बाप्तिस्मा घेणारा माणूस एकच, आल्बर्ट नामालांबे, 1881 साली. आणि पहिले आफ्रिकी पाळक दीक्षित झाले 1914 मध्ये, तीनजण: हेझेकाया त्वेया, येसाया झेरेंजे म्वासी, जोनाथन चिर्वा. तेहेतीस वर्षं गेली मध्ये. माझ्या मते फारच उशीर केला. प्रेस्बिटेरियन मंडळीत कारभार बिशपच्या नव्हे, निवडलेल्या वडिलांच्या आणि पाळकांच्या हातात असतो, मग इथल्या माणसांना पाळक व्हायला इतकी वाट का पाहावी लागावी? 1924 मध्ये ब्लँटायरच्या मंडळीशी एकी होऊन चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन झालं, आज सगळे त्याला सीसीएपी म्हणतात.

चर्च घरापासून चालत थोड्या अंतरावर. आत गेल्यावर रंगीत काचेच्या खिडकीसमोर बसा. लिव्हिंग्स्टन, त्याचं सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून ठिकाण काढायचं यंत्र), औषधांची पेटी, पाठीमागे सरोवर, आणि सोबत दोन आफ्रिकी माणसं. मी नाशिककर, त्यामुळे मला तिथे चुमाच दिसला. गुलामांच्या काफिल्यातून सुटलेली चुमा आणि विकतानी ही दोन पोरं 1864 मध्ये लिव्हिंग्स्टनबरोबर बोटीने मुंबईला आली आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिली. विल्सनही याच फ्री चर्चचे. 1866 च्या शेवटच्या प्रवासात ही दोघं होतीच, शिवाय नाशिकच्या शरणपूर आश्रमातले, म्हणजे गुलामीतून सोडवलेल्या मुलांच्या मिशन-आश्रमातले, नऊ आफ्रिकी तरुण. विकतानी सरोवराच्या दक्षिण टोकाशी आपल्या नातलगांत राहिला, आणि नऊ वर्षांनी ‘इलाला’ आली तेव्हा मिशनच्या लोकांना भेटला. चुमाने सुसी या दुसऱ्या सोबत्याबरोबर लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्यापर्यंत पोचवला. शरणपूर रोडवरून मी हजारदा गेलो असेन, पण हा धागा मला इथे, या काचेसमोर बसल्यावर हाताला लागला. किती वेळ बसलो ते कळलं नाही. गाइड दाराशी थांबून राहिला, घाई केली नाही.

रविवार धरून जा. तुंबुका उपासना लांब चालते, पण गाणं ऐकाच. वाद्य नाही, एक बाई सूर लावते आणि बाकी मंडळी चार आवाजांत उचलून धरते. पाहुण्यांना उभं राहून नाव सांगावं लागतं, तयारी ठेवा. मनोऱ्यावर चढायचं तर आदल्या दिवशी विचारून ठेवा.

क्वाचा (मलावीचं चलन) रोख न्या, वर कार्डावर भरवसा ठेवू नका. नोव्हेंबर ते एप्रिल पावसात गोरोडेच्या वाटेला जाऊ नका. आणि परतताना पायीच उतरा. चार-पाच तास लागतात, मान्चेवेचा धबधबा वाटेत आहे, आणि प्रत्येक वळणाला सरोवर थोडं थोडं जवळ येत जातं.