कडुनिंबाचं तेल, सहा महिन्यांनंतर: तेल बरं, पाणी खोटं

सात शिरांच्या भेंडीचा अर्धा वाफा भाजला म्हणून हे लिहितोय. भुरीने (पानांवर पिठासारखी पांढरी धरणारी बुरशी) नव्हे, भुरीवर मारलेल्या तेलाने. पहिल्या सरींवर भुरी होती तशीच, शेवटच्या दोन सरींची पानं मात्र तपकिरी. पंपाची नळी तळातून ओढते आणि न मिसळलेलं तेल वर तरंगतं. १६ लिटरच्या पंपातून आधी नुसतं पाणी गेलं, शेवटी निव्वळ तेल.

बाटलीवर फक्त ‘लिटरला ५ मिली, साबण घालून ढवळा’. दुकानदाराचं उत्तर, ‘नीट ढवळलं नसेल.’ हात मोडेपर्यंत ढवळा, खाजणालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीलगतच्या) विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ झालं की साबण फाटतोच. वर पांढरी साय धरते, तेल मोकळं होतं. ही ओळ बाटलीवर छापायला कितीसा खर्च?

रिठ्याचा फेस अशा पाण्यातही टिकतो. बिया काढलेले ८-१० रिठे अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, कुस्करून फडक्यातून दोनदा गाळायचे, नाहीतर नोझल तुंबतो. त्यात ८० मिली तेल थोडं थोडं घालत दुधासारखं होईपर्यंत घुसळायचं, मगच पंपात. आधी पंपभर पाण्यात तेल ओतून मागाहून रिठे घातले तर जमत नाही. थोडं द्रावण काचेच्या बाटलीत पाव तास ठेवून बघा. वर पिवळी कड दिसली तर फवारू नका. डिसेंबरच्या पहाटे तेल दाट झालेलं असेल तर बाटली आधी कोमट पाण्यात उभी करा.

सुरुवातीला १०,००० पीपीएमची महाग बाटलीच खरी वाटली होती. ते मत आता मागे घेतो. तो आकडा अझाडिरॅक्टिनचा, म्हणजे कडुनिंबातल्या किडींवर चालणाऱ्या घटकाचा. भुरीवर काम करतं ते मुख्यतः तेल, आणि ती महाग बाटली लिटरला १-२ मिलीच घालायची, मग पानावर तेल पडणार किती? घाण्याचं साधं तेल स्वस्तही पडलं आणि भुरीला चाललंही. फक्त पहिले पांढरे ठिपके दिसताच, संध्याकाळी, पानांच्या खालूनही, दर ७-८ दिवसांनी. पान पांढरंफटक झाल्यावर उपयोग शून्य. गंधक मारलं असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर पुन्हा पानं भाजतील.

दशपर्णीबद्दल (दहा झाडांच्या पाल्याचा कुजवलेला अर्क) एवढंच, की महिनाभर कुजवून भुरीवर फरक दिसला नाही.

आणि कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पावसात सुपाऱ्या कुजवणाऱ्या कोळेरोगावर हे तेल नेऊ नका. तिथे पावसाआधी १ टक्का बोर्डोच: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, आणि साधारण ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून दुसरा हात.

उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पंपही त्याच संध्याकाळी रिठ्याच्या पाण्याने धुवा, तेलाने रबरी वायसर फुगतात.