बायोटेकचा शेअर की लांब मुदतीचा ऑप्शन : सोलापुरातील एका कार्यशाळेविषयी

बायोटेक म्हणजे नवी औषधे शोधणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यावा, की तिचा लांब मुदतीचा ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याचा मुदतबंद हक्क, या विषयावर सात रस्त्याजवळच्या एका शेअर बाजार वर्गाने लागोपाठच्या दोन रविवारी कार्यशाळा घेतली. २,५०० रुपये शुल्क भरून मी दोन्ही दिवस बसलो. मांडणी बहुतांशी आवडली. तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही.

पहिल्या रविवारी सरांनी फळ्यावर एकच हिशेब मांडला आणि दोन तास त्यावरच काढले, हे फार चांगले केले. शेअर शंभर डॉलरचा आणि अमेरिकेत ऑप्शनचा एक करार शंभर शेअरचा; म्हणजे शेअर घ्यायचे तर १०,००० डॉलर हवेत, पण दीड वर्षाच्या मुदतीचा, शंभरच्याच स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा) कॉल, म्हणजे खरेदीचा ऑप्शन, शेअरमागे २८ डॉलर प्रीमियमने (हक्काच्या किमतीने) मिळाला तर २,८०० डॉलरमध्ये भागते. औषधाची चाचणी फसून भाव तीसवर आला, तर शेअरवाल्याचे ७,००० बुडतात, कॉलवाल्याचे फार तर २,८००. हे ऐकून वर्गातले बरेच चेहरे खुलले. मग सरांनी १२८ (शंभर अधिक २८) या आकड्याभोवती खडूने गोल काढला : मुदतीअखेर भाव याच्या वर असेल तरच कॉलवाला फायद्यात. शिवाय औषधाच्या चाचणीचा निकाल जवळ आलेल्या कंपनीच्या ऑप्शनचा प्रीमियम आधीच फुगलेला असतो आणि निकाल लागताच त्यातली हवा जाते, त्यामुळे बातमी चांगली असूनही कॉल अपेक्षेइतका वाढत नाही.

दुसऱ्या रविवारचे बायोजेन या अमेरिकी बायोटेक कंपनीचे उदाहरण पैसे वसूल करणारे होते. अल्झायमरवरील ॲड्युकॅनुमॅब या औषधाच्या चाचण्या मार्च २०१९ मध्ये थांबल्या आणि शेअर एका दिवसात सुमारे २९ टक्के पडला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने मंजुरी मागण्याचे जाहीर करताच तो पुन्हा उसळला. एफडीएचा (अमेरिकेच्या औषध नियामकाचा) निर्णय ७ मार्च २०२१ पर्यंत अपेक्षित होता, तो तीन महिने पुढे गेला आणि ७ जूनला मंजुरी मिळाली, तेव्हा शेअर सुमारे ३८ टक्के वाढला. शेअरवाल्याला तीन महिने थांबावे लागले, एवढेच. मार्चमध्ये मुदत संपणारा कॉल धरून बसलेल्याचा अंदाज खरा ठरला, पण करार आधीच संपला होता. (अमेरिकेतले लांब मुदतीचे बहुतेक ऑप्शन जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे आपला सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलेला असतो त्याच सुमारास संपतात, तारीख लक्षात ठेवायला सोलापूरकरांना तरी अडचण नाही.) चांगल्या बातमीनंतर कंपन्या नवे शेअर काढून भांडवल उभारतात आणि भाव दबतो, हा मुद्दा मात्र सरांनी घाईत उरकला.

आता तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवून परदेशी शेअर घेता येतात, पण परदेशी एक्स्चेंजवरच्या मार्जिनसाठी (ऑप्शनसारख्या सौद्यांत ठेवाव्या लागणाऱ्या अनामतीसाठी) त्या योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत. इकडे एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) कंपन्यांच्या शेअरचे ऑप्शन एका वेळी तीनच महिन्यांचे असतात आणि २०१९ पासून त्यांचा निपटारा शेअरच्या डिलिव्हरीनेच होतो. म्हणजे फळ्यावरचा दीड वर्षाचा कॉल सोलापुरात बसून घेण्याचा सरळ मार्गच नाही. ही माहिती शेवटच्या दहा मिनिटांत, तीही कुणीतरी विचारले म्हणून मिळाली. ती जाहिरातीतच द्यायला हवी होती.

हिशेब समजून घेण्यासाठी वर्ग जरूर लावावा. सोमवारी ऑप्शन घ्यायच्या तयारीने मात्र जाऊ नये.