करवतीचे दात आणि 300 पिक्सेल: इमेजमॅजिक आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या पोळ्याच्या सुमारास नागपूरच्या इतवारीतील एका साडीच्या दुकानाचे फोटो सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. दुकानात मुख्यतः कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवतकाठी साड्या असतात. प्रत्येक साडीचे चार फोटो निघतात: पूर्ण साडी, काठ, पदर आणि पोत. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा असल्याने मूळ फोटो 6000 गुणिले 4000 पिक्सेलांचा असतो, आणि गिऱ्हाइकाला फोनवरच्या यादीत जे थंबनेल दिसते ते 300 गुणिले 400 च्या चौकटीत बसवावे लागते. गल्ल्यामागच्या जुन्या संगणकावर उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली होती आणि एकेक फोटो हाताने उघडून लहान करण्याइतका वेळ कोणाजवळच नव्हता, म्हणून मी टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, फोटोंवर काम करणारे इमेजमॅजिक निवडले. जॉन क्रिस्टी यांनी 1987 मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना लिहायला घेतलेले आणि 1990 पासून सर्वांसाठी मोफत असलेले हे साधन आजही जोमाने वापरात आहे.

पहिल्याच दिवशी ‘मॉग्रिफाय’ने मला धडा शिकवला. ही आज्ञा एका दमात सगळे फोल्डर हातावेगळे करते, पण ‘पाथ’ हा पर्याय देऊन वेगळे फोल्डर सांगितले नाही तर मूळ फोटोंवरच लहान फोटो लिहून मोकळी होते, आणि ते सांगितलेले फोल्डरही आधीच तयार असावे लागते. एका सकाळचे सगळे मूळ फोटो मी अशा रीतीने 400 पिक्सेलांचे करून ठेवले. कॅमेऱ्याचे कार्ड अजून पुसलेले नव्हते, म्हणून निभावले. दुसरी ठेच बारीक आहे: फोटो चौकटीपेक्षा मोठा असेल तरच लहान कर, असे सांगण्यासाठी मापापुढे ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह लावतात. ते अवतरणचिन्हांत घातले नाही तर शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, त्याचा अर्थ ‘पुढच्या नावाची फाइल उघड’ असा घेते आणि हाती रिकामी फाइल येते.

खरी गोष्ट मात्र रंगाची आहे. थंबनेल हलके व्हावे म्हणून मी फोटोसोबतची जादा माहिती काढून टाकणारा ‘स्ट्रिप’ हा पर्याय जोडला होता, कारण जिथे तिथे तसे करताना दिसते. दोन दिवसांनी शेठजींनी फोन पुढे करून विचारले, “काऊन भाऊ, नवी कोरी साडी दहा वेळा धुतल्यावानी काऊन दिसून राहिली?” त्यांचे खरेच होते. काठाचा लाल रंग विटकरीकडे झुकला होता आणि कोशाचा मूळचा मधासारखा रंग मातकट झाला होता. छायाचित्रकाराने कॅमेरा अडोबी आरजीबी या जास्त भडक रंग मावणाऱ्या रंगपद्धतीवर ठेवलेला होता. फोटोतील आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारे रंगप्रोफाइल ‘स्ट्रिप’ने काढून टाकले होते, आणि मग फोनने तेच आकडे एसआरजीबी या नेहमीच्या साध्या रंगपद्धतीचे समजून दाखवले. त्या प्रोफाइलचे वजन अवघे 560 बाइट असते. एवढ्यासाठी मी दोन दिवस साड्या धुतल्या! गंमत अशी की ‘थंबनेल’ हा पर्याय बाकीची प्रोफाइले स्वतःच टाकून देतो आणि रंगाचे तेवढे ठेवतो, त्यामुळे ‘स्ट्रिप’ची मुळातच गरज नव्हती. आता मी एसआरजीबीचे प्रोफाइल देऊन आकडेच बदलून घेतो, म्हणजे प्रोफाइल न वाचणाऱ्या जागीही रंग जवळपास तोच राहतो.

‘थंबनेल’ टाकून देतो त्यात फोटो उभा की आडवा ही नोंदही जाते, आणि पदर खाली सोडलेली साडी खाटेवर निजल्यासारखी दिसू लागते. यावर उपाय म्हणजे आज्ञेत आधी ‘ऑटो-ओरिएंट’ आणि नंतर ‘थंबनेल’. क्रम उलटा झाला की उपयोग नाही.

करवतीच्या काठाने सर्वांत जास्त परीक्षा घेतली. या काठात करवतीच्या दातांसारखी टोकदार नक्षी एका ओळीत असते आणि 300 पिक्सेलांत एकेका दाताच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेलच येतात. पहिल्या थंबनेलांत लाल दात कोशाच्या पिवळसर अंगात पसरलेले दिसत होते, जणू ओल्या कापडावर रंग फुटला आहे. दोष लहान करण्यात असावा असे समजून मी फिल्टर बदलत बसलो, पण तो जेपीईजी या फोटो-फाइलीच्या जागा वाचवण्याच्या पद्धतीत होता. गुणवत्ता 90 पेक्षा कमी ठेवली की इमेजमॅजिक रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी करते, उजेड-सावलीची तेवढी पूर्ण ठेवते. माणसाच्या चेहऱ्याला हे चालून जाते, लाल दाताला चालत नाही. गुणवत्ता 82 ठेवून ‘सॅम्पलिंग-फॅक्टर’ 4:4:4, म्हणजे रंगाची माहितीही पूर्ण ठेव, असे सांगितल्यावर दात पुन्हा दात झाले. फाइल थोडी वाढली, पण काठ बघूनच गिऱ्हाईक पुढचे विचारते.

चौकोनी थंबनेलाबाबतही तेच. चौकट भरून उरलेले कापून टाकणे दिसायला नीट असले तरी त्यात दोन्ही काठ जातात, आणि काठ नसलेली करवतकाठी साडी म्हणजे नुसता कोसा. म्हणून मी कापत नाही. पूर्ण फोटो मध्ये ठेवून उरलेल्या जागेत फिकट पार्श्वभूमी भरतो.

वेगाबद्दल माझी तक्रार होती, पण तिचे मूळ समजल्यावर ती विरली. दुकानातल्या इमेजमॅजिकच्या आवृत्ती 6 च्या सोळा बिटांच्या बांधणीत एका पिक्सेलला 8 बाइट लागतात, म्हणजे आमचा एक फोटो स्मृतीत सुमारे 192 मेगाबाइट जागा अडवतो. तो उभा करताना दुसरी प्रत तयार होते आणि इमेजमॅजिकला काय करू द्यायचे हे ठरवणाऱ्या उबुंटूच्या धोरण-फाइलीने घातलेली 256 मेबीबाइटांची मर्यादा ओलांडली जाते, मग काम डिस्ककडे ढकलले जाते. ऐन मे महिन्यात दुपारी संगणकाचा पंखा कुलरशी स्पर्धा करू लागे. फोटो वाचण्याआधीच ‘डिफाइन’ या पर्यायाने जेपीईजीला थंबनेलाच्या दुप्पट मापाची कल्पना दिली की फोटो उघडतानाच लहान होऊन येतो, आणि पंखा शांत. ही एक गोष्ट पहिल्या दिवशीच कोणी सांगायला हवी होती. त्याच धोरण-फाइलीत पीडीएफ बंद केलेले असल्यामुळे एका विणकराने पाठवलेला पीडीएफ उघडत नव्हता. ती बंदी सुरक्षेसाठी आहे, म्हणून मी ती उठवली नाही आणि फोटोच मागवले.

मध्यंतरी लिबव्हिप्स या फोटोंवर काम करणाऱ्या दुसऱ्या साधनाचे ‘व्हिप्सथंबनेल’ही महिनाभर वापरून पाहिले. ते फार कमी स्मृतीत काम करते, फोटो आपोआप सरळ करते आणि वेगात इमेजमॅजिकला मागे टाकते. नुसती थंबनेलेच काढायची असतील तर मी तेच सुचवीन. त्यात लक्षवेधी भाग शोधून कापण्याची सोय आहे. त्वचेचा रंग, भडक रंग आणि कडा बघून ती ठरवते, त्यामुळे आमच्या फोटोंत ती काठ सोडून पुतळ्याच्या चेहऱ्याकडे धावत असे. मला फोटोखाली साडीचा क्रमांक लिहायचा असतो आणि पार्श्वभूमी भरायची असते, म्हणून मी इमेजमॅजिकवर परतलो.

घरच्या संगणकावर इमेजमॅजिकची आवृत्ती 7 आहे. तिथे ‘कन्व्हर्ट’ या जुन्या आज्ञेऐवजी ‘मॅजिक’ लिहायचे असते. विंडोजमध्ये ‘कन्व्हर्ट’ नावाची डिस्कची फाइल-पद्धत बदलणारी वेगळीच आज्ञा आहे, तेव्हा हा बदल शहाणपणाचाच म्हणावा लागेल, जुन्या स्क्रिप्ट दुरुस्त करताना दोन संध्याकाळी गेल्या तरी.

बारीक चौकड्यांच्या पोताचे फोटो अजून मनासारखे येत नाहीत. ‘थंबनेल’ आधी पिक्सेल गाळून फोटो अंतिम मापाच्या पाचपट करतो आणि मग नीट लहान करतो. या गाळण्यात चौकड्यांवर नसलेल्या लाटा उमटतात. तेवढ्या फोटोंसाठी मी ‘रिसाइझ’ वापरतो, आणि तरीही लाटा राहिल्या तर पोताचा तो फोटो यादीत न घालता आत ठेवतो.