बोअर केलं म्हणाले आणि पिस्टन स्टँडर्डच निघाला

चोपड्याकडच्या एका केळी-बागायतदाराने आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी जळगावातून जुनी अल्टो ८०० घेतली. २०१३चं मॉडेल, एमएच-१९ची पासिंग, मीटरवर ५८ हजार, सौदा १ लाख ४० हजारांना. लेक संभाजीनगरला दिलेली, तिला आखाजीला माहेरी आणायचं म्हणून घाई. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढताना बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. टोचन करून खाली आणली. गॅरेजवाल्याने "हाफ इंजिन, बोअर, पिस्टन-रिंग, हेड फेस" असं (म्हणजे सिलिंडर घासून मोठे करून त्यात नवे पिस्टन-रिंगा, आणि सिलिंडरांवरचं झाकण म्हणजे हेड मशीनवर सपाट) सांगून २८ हजार घेतले. गाडी सुरू झाली, धूर नाही, आवाज नाही. चारशे किलोमीटरवर पुन्हा निळा धूर आणि पुन्हा वाफ. तिसऱ्या ठिकाणी इंजिन मालकासमोर उघडलं, तेव्हा विकणाऱ्याची फसवणूक आणि गॅरेजवाल्याची फसवणूक एकाच टेबलावर दिसली. दोन्हींच्या खुणा कुठल्याही गाडीवर तपासता येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रेडिएटर. थंड इंजिनावर झाकण काढलं तर आतल्या बाजूला पिवळट चिकट थर. बोटावर घेऊन चोळला, वास हळदीचा. रेडिएटर बारीक गळत असला की पाण्यात हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे आणि रात्री घर गाठण्यापुरता तो ठीकही आहे. पण इथे विकण्यासाठी टाकलेली हळद तशीच राहिली. ती गळतीच्या भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. सपाट रस्त्यावर उरलेल्या नळ्यांवर भागतं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, ४३ अंशांच्या उन्हात, एसी चालू असताना भागत नाही.

मग थर्मोस्टॅट. हाउसिंग उघडलं, आत रिकामं. "आपल्याकडे ऊन फार, थर्मोस्टॅट काढलेलाच बरा" हे वाक्य भुसावळपासून शिरपूरपर्यंत ऐकायला मिळतं, आणि ते चूक आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो आणि इंजिनाला त्याच्या कामाच्या तापमानावर धरून ठेवतो. तो काढला की रोजच्या धावेत इंजिन थंडच राहतं. सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, थंड इंजिन सांगतो, ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतो. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा कोरड्या घासतात. म्हणजे तापू नये म्हणून काढलेला थर्मोस्टॅट इंजिनच झिजवतो. फॅनही इग्निशनला डायरेक्ट जोडलेला होता. चावी फिरवताच फॅन सुरू झाला, तर समजा वायरिंगला कोणीतरी हात लावलाय. एसी बंद असताना चांगल्या गाडीचा फॅन गरम झाल्यावर लागतो, थोड्या वेळाने थांबतो, पुन्हा लागतो.

डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा चावी दिल्यावर लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा, अगदी बरोबर दिसायचं. कन्सोल काढल्यावर कळलं की त्याची वायर बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला जोडलीय. अल्टरनेटर फिरला की दोन्ही विझणार, ऑइलचं प्रेशर असो वा नसो. ही सगळ्यात घातक लबाडी, कारण ऑइल खरोखर संपलं तरी दिवा गप्प राहतो आणि बेअरिंग जातात. पकडण्याची युक्ती सोपी आहे: इंजिन बंद, चावी ऑनवर, आणि प्रेशर स्विचवरची वायर काढायची. ऑइलचा दिवा विझला पाहिजे. लागलेलाच राहिला, तर जोडणी बनावट. चेक इंजिनच्या दिव्यामागे काळी टेप होती. तोही चावी दिल्यावर लागून विझतो का, एवढं पाहिलं असतं तर त्याच दिवशी सापडला असता.

आता ऑइल. हे काम गॅरेजवाल्याचं. या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात फिल्टरसह पावणेतीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. निघालं साडेतीन लिटर, काकवीसारखं दाट. दाट ऑइलमुळे ढिल्या रिंगांची गळती आणि बेअरिंगचा आवाज काही आठवडे झाकला जातो, आणि जास्त भरलं की गिऱ्हाइकाला ऑइल कमी झालेलं महिनाभर कळत नाही. उलट जास्तीच्या ऑइलवर क्रँक आपटून फेस होतो, आणि फेसाळ ऑइल प्रेशर धरत नाही. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर दिसलं तर "छान, भरपूर आहे" म्हणू नका, कारण विचारा.

उघडण्याआधी कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब धरतो ते, मोजलं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, कॉइलचे कनेक्टर सोडले, तिन्ही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे सेल्फ मारला. पहिला १५० पीएसआय, दुसरा ९५, तिसरा ९०. निरोगी इंजिन १७०च्या वर असतं, आणि सिलिंडरांमध्ये १५च्या वर फरक नको. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. दुसरा १४०वर गेला, म्हणजे गळती रिंगांतून. तिसरा ९५वरच थांबला, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, हेड आणि ब्लॉकच्या मधली सील. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालवलं तर बुडबुडे येत होते, म्हणजे गॅस्केटच. नुकतीच नवी टाकलेली!

हेड काढून त्यावर पट्टी आडवी धरली आणि फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती सरकवली. ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक चालत नाही. इथे ०.१५ची पाती आरामात गेली. घाटात तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं होतं. बिलात "हेड फेस" लिहिलेलं, पण मशीनवर फेस मारलेल्या हेडवर एकसारख्या बारीक ताज्या रेषा दिसतात. इथे कडेला जुना कार्बन तसाच होता. वाकड्या हेडवर नवी गॅस्केट किती दिवस टिकणार?

आणि पिस्टन. बोअर म्हणजे सिलिंडर घासून मोठा करणं, मग पिस्टन आणि रिंगा ओव्हरसाइज लागतात, ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठ्या. पिस्टनच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो. इथे तिन्ही पिस्टन जुने आणि स्टँडर्ड, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचे. सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह (आतली नळी) बसवली नसेल, तर बोअर केलेल्या ब्लॉकमध्ये स्टँडर्ड पिस्टन चालूच शकत नाही. केलं होतं एवढंच की जुन्या, लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या. गोल रिंग लंबगोल भिंतीला टेकत नाही. वर होनिंगही, म्हणजे भिंतीवर दगडाने तिरप्या बारीक रेषा मारणंही, नव्हतं; भिंत आरशासारखी गुळगुळीत, तिरप्या जाळीच्या रेषा गायब. त्या रेषांत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात. त्याशिवाय नव्या रिंगा घालणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात.

इंजिन इतकं झिजलं कशाने? एअर फिल्टरमध्ये काळ्या मातीची धूळ गच्च होती आणि फिल्टरच्या बॉक्सची एक क्लिप तुटलेली, म्हणजे निम्मी हवा फटीतून. कपाशीच्या शिवारातून रोज जाणारी गाडी असेल तर फिल्टर दर ५ हजार किलोमीटरला झटका आणि क्लिपा बघा. ऑइलही वेळेआधीच बदला. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी कधीच नको, आपल्याकडच्या जड पाण्याने आत क्षार धरतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. ७९६ सीसीच्या इंजिनाला टायमिंग पट्टा असतो, अल्टो के-१०च्या इंजिनाला चेन. जुन्या गाडीचा पट्टा कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा.

जुनी गाडी बघायला पहाटे, न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी सौदा नाही, कारण इंजिन आधीच फिरवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या मिनिटात निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर सतत आला तर रिंगा. पांढरी वाफ गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट जळतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून तळहात धरा. जोरात फुंकर लागली, तर रिंगांतून गॅस खाली गळतोय; मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. मग दुपारी एसी लावून वीस मिनिटं जागेवर चालवा आणि तापते का बघा. आणि गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या नोंदी विचारा. या गाडीची २०१९ची शेवटची नोंद ८१ हजार किलोमीटरची निघाली, मीटर ५८ दाखवत असताना.

इंजिनाचं काम देताना कागदावर लिहून घ्या: बोअर किती साइजला, पिस्टन कोणत्या साइजचे, लेथवाल्याचं वेगळं बिल, हेडचा वाक आधी किती आणि नंतर किती. जोडणी करण्याआधी पिस्टनच्या डोक्याचा आणि बोअरचा मोबाइलवर फोटो काढा. जुने पिस्टन, रिंगा, गॅस्केट गोणीत बांधून घरी न्या. ते तुमचेच आहेत. तोंडी कामाला पुरावा राहत नाही.

गाड्या विकण्याचा धंदा करणारा आणि गॅरेज, दोघेही ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कक्षेत येतात. घरगुती माणसाने आपली गाडी विकली तर येत नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. या बागायतदाराने २८ हजारांचं बिल, कंप्रेशनचे आकडे लिहिलेला कागद आणि स्टँडर्डचा शिक्का असलेले तीन पिस्टन घेऊन जळगावला तक्रार दिलीय. गाडी सध्या हेड नसलेल्या अवस्थेत उभी आहे, ब्लॉक अजून लेथवर पाठवलेला नाही, कारण बोअर मोजून दाखवायची वेळ आली तर तो आहे तसाच हवा.